अकरा ते पाच : मुलींच्या दिवसाचा वाद

1887 साली पुण्यात एका शाळेच्या वेळेवरून वाद पेटला. शाळा सुरू होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. ती सकाळी 11 वाजता भरे, संध्याकाळी 5 वाजता सुटे आणि तिच्यात मुली शिकत. मुलांच्या शाळाही दिवसभर भरत होत्या. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मुलींच्या बाबतीत मात्र ‘मराठा’ या इंग्रजी साप्ताहिकाने हरकत घेतली. मुलगी एवढा वेळ घराबाहेर राहिली तर घरकाम शिकणार केव्हा? तिला तीन तास पुरेत, सकाळी 7 ते 10, नाहीतर दुपारी 2 ते 5. उरलेला दिवस तिने घरात काढावा. पत्र टिळकांचे होते आणि शाळा रानडे व त्यांच्या मित्रांची. आज तिला सगळे पुणे हुजूरपागा या नावाने ओळखते.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात हा वाद बहुधा दोन ओळींत उरकला जातो. अंगावर पडलेले शेण आणि दगड, बालविवाह, केशवपन, कायदे, खटले हे सगळे त्या इतिहासात असते आणि ते असायलाच हवे. पण मुलीच्या दिवसातले तास कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न त्या सगळ्याच्या मुळाशी होता. म्हणून प्रस्तुत लेखिकेला गेली अनेक वर्षे शाळांच्या पाट्या आणि संस्थापकांच्या तसबिरी यांच्यापेक्षा शाळांची वेळापत्रके वाचण्याचा नाद लागलेला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर 1848 साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुण मंडळींनी मराठी आणि गुजराती मुलींसाठी वर्ग सुरू केले, तर 1849 साली कलकत्त्यात बेथून यांची शाळा निघाली. पुढची तीस-पस्तीस वर्षे मुलींचे शिक्षण मुख्यतः प्राथमिक इयत्तांपुरतेच राहिले, कारण दहाव्या-अकराव्या वर्षी लग्न झाले की पाटी फुटायची. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली आणि शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. शिक्षिका आणि डॉक्टर व्हायच्या तर आधी मुलींना हायस्कूल हवे.

ते हायस्कूल 1884 साली निघाले. वामन आबाजी मोडक, महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि शंकर पांडुरंग पंडित ही त्यामागची माणसे. मोडक मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलाचे मुख्याध्यापक, भांडारकर आणि पंडित संस्कृतचे गाढे विद्वान आणि रानडे तर पुण्यातल्या प्रत्येक नव्या संस्थेच्या पायाभरणीत असायचेच. महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी ही त्यांची संस्था. सरकारची मदत मागितली तरी कारभार समाजाच्या हाती ठेवायचा, असा हा प्रयत्न होता. पेशव्यांच्या घोडदळाची पागा जिथे होती त्या जागेवर पुढे शाळा उभी राहिली आणि तेच नाव तिला चिकटले. कागदोपत्री ती एच.एच.सी.पी. हायस्कूल आहे. ते नाव सांगून रिक्षा मिळेल की नाही, याची शंकाच आहे.

या शाळेच्या मागणीसाठी हिराबागेत सभा भरली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन उपस्थित होते. त्यांच्यासमोर इंग्रजीत निवेदन वाचले ते रमाबाई रानडे यांनी. आपल्या आठवणींच्या पुस्तकात, 1910 साली, त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. सभेत कौतुक झाले आणि घरी परतल्यावर घरातल्या बायकांच्या टोमण्यांनी स्वागत झाले. रमाबाईंचे स्वतःचे शिक्षण कसे झाले ते आठवले की या प्रसंगाची धार कळते. 1873 साली लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरी आल्या, तेव्हा वय अकराच्या आसपास आणि अक्षरओळखही नाही. शिकवायला नवरा तयार, पण दिवस सासरच्या बायकांच्या ताब्यात. त्यामुळे अभ्यास रात्री, सगळे आवरल्यावर. पुढे इंग्रजी शिकवायला युरोपीय बाई घरी येऊ लागल्या, तर त्यांना शिवल्याबद्दल आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायची सोय नव्हती.

रानड्यांसारखा विद्वान, अधिकारावरचा नवरा पाठीशी असताना ही स्थिती. घरात राहून शिकायचे म्हणजे शिक्षण हे घरकामाच्या फटीत बसवायचे, हे रमाबाईंनी अंगावर सोसले होते. मुलीने ठरलेल्या वेळी घरातून निघावे, ठरलेल्या वेळेपर्यंत तिला कुणी हाक मारू नये आणि त्या वेळात तिच्यासमोर फक्त फळा आणि पुस्तक असावे, ही शाळेची कल्पना त्यांच्याइतकी कुणाला कळली असेल?

आता 1887 या वर्षाकडे नीट पाहायला हवे, कारण वेळापत्रकाचा वाद हवेत झाला नाही. फेब्रुवारीत डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. आदल्या वर्षी त्या फिलाडेल्फियाहून वैद्यकीची पदवी घेऊन आल्या होत्या. वय पुरते 22 सुद्धा नव्हते. मार्चमध्ये मुंबई हायकोर्टात रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल लागला: लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करेन, असे रखमाबाईंनी कळवले. पुढच्या वर्षी 2000 रुपयांवर तडजोड झाली आणि त्या लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या. शिकलेली बाई काय करू शकते, याची दोन उदाहरणे समाजाच्या डोळ्यांसमोर अशी उभी होती. एकीबद्दल हळहळ होती, दुसरीबद्दल संताप. त्या संतापाच्या तावडीत इंग्रजी शिक्षण सापडले आणि मग मुलींना इंग्रजी शिकवणारी शाळाही.

‘मराठा’चा आक्षेप वेळेइतकाच अभ्यासक्रमावरही होता. इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय मुलींना कशाला? त्यापेक्षा मराठी, धर्म आणि नीतीचे पाठ, शिवणकाम शिकवा. या दोन मागण्या वेगळ्या वाटतात, पण त्या एकच आहेत. तीन तासांत गणित आणि इंग्रजी दोन्ही बसत नाही. तास कापले की विषय आपोआप गळतात आणि कुठलाही विषय उघडपणे बंद करावा लागत नाही. टिळकांसारख्या गणिताच्या जाणकाराला हा हिशेब कळत नव्हता असे म्हणता येणार नाही. त्यांच्या राजकारणाबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनही या बाबतीत ते चुकले, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्यांचेच एकेकाळचे सोबती आगरकर 1888 पासून ‘सुधारका’त नेमके उलटे मांडत होते: मुलामुलींना शिक्षण एकच द्या आणि एकत्र द्या. आगरकरांच्या नजरेने पाहिले तर हुजूरपागेसारखी निव्वळ मुलींची शाळा हीसुद्धा अर्धीच वाट होती.

संस्थापक आपल्या वाटेवर टिकून राहिले. शाळा चालली, इंग्रजीही चालले.

हे सगळे हिंदू समाजाचे खास दुखणे होते, असा समज मात्र करून घेऊ नये. लंडनमध्ये फ्रान्सिस मेरी बस या बाईंनी 1850 साली कॅम्डन भागात नॉर्थ लंडन कॉलेजिएट ही मुलींची शाळा काढली. सुरुवातीला 35 मुली होत्या. पुढे 1872 साली मारिया ग्रे आणि त्यांची बहीण एमिली शिरेफ यांच्या पुढाकाराने चक्क एक कंपनी निघाली, गर्ल्स पब्लिक डे स्कूल कंपनी. भाग विकून भांडवल उभे करायचे आणि त्यातून मध्यमवर्गीय मुलींसाठी दिवसाच्या शाळा काढायच्या, अशी योजना. पहिली शाळा 1873 साली चेल्सीत उघडली आणि मग एकामागून एक निघत गेल्या. सरकारी तिजोरीवर किंवा चर्चवर न विसंबणारी मुलींची शाळा हा साचा तिथे पक्का झाला.

आणि या शाळांची वेळ? सकाळी नऊ-साडेनऊपासून दुपारी एक-दीडपर्यंत! जेवायच्या वेळेला मुलगी घरी पोचली पाहिजे, दुपार तिने आईजवळ काढली पाहिजे, हा तिथल्या पालकांचाही आग्रह. ज्यांना दुपारी थांबून अभ्यास करायचा त्यांना मुभा असे, पण सक्तीची शाळा सकाळचीच. म्हणजे ‘मराठा’ पुण्यात जी अर्ध्या दिवसाची मर्यादा मागत होता, ती लंडनमध्ये सुधारकांनी स्वतःच घालून घेतली होती. पुण्याच्या शाळेने पूर्ण दिवस मागितला, हे तिच्या धाडसाचे खरे माप आहे आणि ते कुणी फारसे सांगत नाही.

बसबाईंची आणखी एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1863 साली केंब्रिजच्या स्थानिक परीक्षा मुलींना प्रयोग म्हणून खुल्या झाल्या. 83 मुली बसल्या, त्यांतल्या 25 एकट्या बसबाईंच्या. निकाल लागला तेव्हा बऱ्याच मुली अंकगणितात आपटल्या होत्या. मुलींचा मेंदू गणितासाठी नाहीच, असे म्हणायला विरोधकांना आयते निमित्त मिळाले. बसबाईंनी चूक शिकवण्यात शोधली आणि गणिताची शिकवणी मुळापासून सुधारली. पुढे 1874 साली हेन्री मॉड्स्ली या नामांकित डॉक्टरांनी लेख लिहून बजावले, की वाढत्या वयातल्या मुलींना मुलांसारखा अभ्यास झेपणार नाही, प्रकृती बिघडेल. त्यांना उत्तर दिले ते एलिझाबेथ गॅरेट अँडरसन या स्त्री-डॉक्टरनेच. मुलीला शाळेत किती वेळ बसवावे हा प्रश्न तिथे वैद्यकाच्या भाषेत विचारला गेला, इथे गृहधर्माच्या.

पुन्हा पुण्याकडे. हुजूरपागेने काय घडवले, याची यादी देणे सोपे आहे आणि कंटाळवाणेही. म्हणून दोघींवरच थांबू. ब्रह्मदेशात जन्मलेली, इरावती नदीचे नाव मिळालेली एक मुलगी सातव्या वर्षी या शाळेच्या वसतिगृहात राहायला आली. तिथे तिची गाठ शकुंतला परांजपे हिच्याशी पडली. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. परांजप्यांच्या घराने या लांबून आलेल्या मुलीला आपली म्हणून वाढवले. तीच पुढे इरावती कर्वे झाली, बर्लिनहून पीएच.डी. घेऊन आली आणि ‘युगान्त’ लिहिले. मैत्रीण शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, ‘दुनिया न माने’मध्ये पडद्यावर दिसली आणि संततिनियमनाच्या प्रचाराला तिने आयुष्य दिले. एका शाळेत एका बाकावरून पसरलेले हे जग पाहिले, की लेखिकेला त्या वसतिगृहाचे खरोखर नवल वाटते. जिला घर शेकडो मैल दूर होते, तिला शाळेनेच दुसरे घर मिळवून दिले.

दुसरी शांता शेळके. खेड म्हणजे आजचे राजगुरुनगर इथून त्या पुण्यात आल्या आणि हुजूरपागेत शिकल्या. त्यांची मराठी आणि संस्कृतची बैठक पाहिली, की मुलींच्या शाळेत भाषा किती मन लावून शिकवली जात असेल याचा अंदाज येतो. शिवणकाम पुरे, असे म्हणणाऱ्यांचे ऐकले असते तर मराठी गाण्यांतले किती शब्द आपल्याकडे आलेच नसते.

सुरुवातीच्या काळातल्या मुली बहुतेक पांढरपेशा घरांतल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. ज्या घरात पाणी भरायला आणि दळायला गडी-बाई होती, तिथली मुलगी 11 ते 5 मोकळी होणे त्यातल्या त्यात शक्य होते. फुल्यांनी हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणावर सगळा भर दिला, तो शेतकऱ्याच्या मुलामुलींकडे पाहून. त्यांच्या प्रश्नाला हायस्कूल हे उत्तर नव्हते. दोन्ही बाजूंना न्याय देऊनच ही गोष्ट सांगावी लागते.

लेखिकेची एक आत्या सातारा जिल्ह्यात मुलींच्या शाळेत शिकली. तिला शाळा दुपारची हवी होती. मैत्रिणी सकाळची मागत, ही मात्र दुपारच्या तुकडीसाठी हेडबाईंकडे अर्ज घेऊन गेली. कारण साधे होते. सकाळी धुणी, भाकरी, धाकट्या भावंडांच्या वेण्या-आंघोळी उरकल्या, की दुपारी कुणी तिला अडवू शकत नसे. सकाळची शाळा असती तर रोज उशीर आणि रोज छडी. वेळापत्रक ही मुलीच्या हातातली वस्तूही होऊ शकते, हे आत्याकडून कळले. ती अकरावी मॅट्रिक झाली आणि तालुक्याच्या गावी शिक्षिका म्हणून लागली.

भिडे वाड्याच्या जागेपासून लक्ष्मी रस्त्याने हुजूरपागेपर्यंत चालत जायला फारसा वेळ लागत नाही. लेखिका पुण्यात गेली की ही फेरी मारतेच. वाड्याची मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर 2023 मध्ये, बरीच वर्षे चाललेला न्यायालयीन वाद संपल्यावर, स्मारकासाठी पाडण्यात आली. तिथून निघून साड्या आणि सोन्याच्या दुकानांच्या गर्दीतून वाट काढत जायचे, की शाळा सुटायच्या वेळी गणवेशातल्या मुलींचा लोंढा समोरून येतो. कुणाची सायकल, कुणाची बस, कुणाला घ्यायला रिक्षावाले काका. जवळपास पावणेदोन शतकांचा प्रवास एवढ्याशा अंतरात आहे. या दोन जागा जोडून दाखवणारी एक पाटी तिथे लावावी, असे लेखिकेला फार वाटते.

शहराबाहेर, गावाकडे आज मुलीच्या शाळेची वेळ घड्याळापेक्षा एसटी ठरवते. महाराष्ट्रात पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत आहे आणि मानव विकास कार्यक्रमाच्या 125 तालुक्यांत खास मुलींसाठी निळ्या बस धावतात. गाव सोडून हायस्कुलात जाणाऱ्या मुलीसाठी या बसचे मोल मोठे आहे. आईवडील निर्धास्त होतात ते या बसमुळेच. पण फेरी सुटली तर मुलगी फाट्यावर ताटकळते आणि दहावीचा जादा तास शेवटच्या बसनंतर ठेवला, तर वर्गात गावातल्याच मुली उरतात. म्हणून जिथे मुख्याध्यापक आगारप्रमुखाकडे जाऊन, जादा तासाची वेळ सांगून फेरीची वेळ बदलून घेतात, तिथे बाहेरगावच्या मुलीही त्या तासाला थांबतात.