शाळेच्या भिंतीवरील पहिली चौकट

जून महिन्याच्या मध्यास शाळा उघडल्या, की जळगाव-धुळे परिसरातील शाळांच्या व्हरांड्यांत वेळापत्रके, फीचे तपशील, शिष्यवृत्तीच्या मुदती आणि परीक्षांच्या सूचना यांची दाटी होते. आणि अशा दाटीत एखाद्या उत्साही चित्रकला-शिक्षकाने अथवा चार-पाच विद्यार्थ्यांनी चित्रकथांचे मंडळ, मुलांच्या तोंडच्या भाषेत कॉमिक्स क्लब, स्थापण्याचा मनसुबा केला, तर त्याची वार्ता शाळाभर पोहोचविणारे भित्तिपत्रक कसे असावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटला, तरी त्यात चित्रकला, अक्षरकला आणि कथाकथन या तिन्ही विद्यांची कसोटी लागते.

खानदेशाला ही विद्या परकी नाही. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याला या भागातील शाळांच्या सहली वर्षानुवर्षे जात आल्या आहेत. तेथील सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा प्रसंगामागून प्रसंग अशी एकाच भिंतीवर रंगविलेली आहे, आणि दोन प्रसंगांमध्ये रेघ नसतानाही कथेचा ओघ पाहणाऱ्याच्या ध्यानात येतो. चाळीसगावला आयुष्य वेचलेल्या केकी मूस यांनी इंग्लंडमध्ये जाहिरातकलेचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि घरातील लहानसहान वस्तू टेबलावर मांडून, केवळ प्रकाशयोजनेच्या बळावर, विस्तीर्ण निसर्गदृश्याचा आभास निर्माण करणारी त्यांची छायाचित्रे आजही थक्क करतात. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे वसतिगृहातील मुलांसाठी ते स्वहस्ते लिहिलेले ‘छात्रालय दैनिक’ चालवीत. छापखान्याची सोय नसतानाही, कागद आणि लेखणी एवढ्याच सामग्रीवर, मुलांना रोज वाचावेसे वाटेल असे काही त्यांच्यापुढे ठेवता येते, याचा याहून मोठा दाखला शोधण्याची गरज नाही.

आता सूचना आणि भित्तिपत्रक यांतील भेद नीट लक्षात घेतला पाहिजे. सूचना वाचण्यास मनुष्य थांबलेलाच असतो. भित्तिपत्रकाला मात्र चालत्या मनुष्यास थांबवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये झ्यूल शेरे या चित्रकाराने शिळामुद्रणाच्या साह्याने रंगीत भित्तिपत्रके छापण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याने हेच मर्म ओळखले होते: एक मोठी आकृती, थोडे रंग आणि मोजके शब्द. आपल्याकडे शि. द. फडणीस यांनी तर शब्दांचाही आधार टाकून दिला. बसथांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या तरुण-तरुणीच्या वस्त्रांवर छापलेले उंदीर आणि मांजर, एवढ्या सामग्रीवर त्यांनी ‘मोहिनी’चे जे मुखपृष्ठ सजविले, ते पाहताना वाचकाच्या मनात पुढची कथा आपोआप घडू लागते. पाहणाऱ्याच्या मनात कथा सुरू करून देणे, हेच चित्रकथेच्या भित्तिपत्रकाचे खरे कार्य होय.

म्हणूनच माझे आग्रहाचे सांगणे असे, की कॉमिक्स क्लबचे भित्तिपत्रक हे क्लबविषयीचे निवेदन न होता स्वतःच एक चित्रकथा व्हावे. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने हा मार्ग देशभर रूढ केला आहे: ए-फोर आकाराचे दोन कागद एकास एक जोडावयाचे, त्यांवर चार चौकटींत गावातल्याच एखाद्या प्रश्नाची कथा काळ्या शाईने रेखाटावयाची, झेरॉक्स प्रती काढावयाच्या आणि चावडी, बसथांबा, दुकान अशा वर्दळीच्या ठिकाणी त्या चिकटवावयाच्या. ज्यांनी पूर्वी कधी कुंचला धरला नाही अशा माणसांनीही अशा कथा काढल्या आहेत. शाळेतील मुलांना तर ते मुळीच अवघड जाऊ नये.

समजा, पहिल्या चौकटीत रावेरकडील एक मुलगा सायकलच्या कॅरिअरला केळीचा घड बांधून निघाला आहे. दुसऱ्या चौकटीत मागच्या निंबावरून एक शेपटी खाली लोंबते आहे. तिसऱ्या चौकटीत मुलगा मागे वळून पाहतो, परंतु त्याने काय पाहिले हे आपल्याला दिसत नाही, केवळ त्याचे विस्फारलेले डोळे दिसतात. आणि चौथी चौकट संपूर्ण कोरी ठेवून तिच्या कडेला सुतळीने एक पेन्सिल बांधलेली आहे. या चार चौकटींत एकही उपदेश नाही, तरीही क्लबात काय करावयाचे असते याचे संपूर्ण बयान त्यांत आले. याउलट स्पायडरमॅन किंवा छोटा भीम यांची नक्कल डकविली, तर नजर क्षणभर वळेल. पण ती पात्रे दुसऱ्याच्या मालकीची आहेत, आणि ‘येथे तुला स्वतःचे पात्र निर्माण करता येईल’ हे मुख्य आश्वासन त्यांतून मुलांपर्यंत पोहोचत नाही.

अक्षरांकडे बहुधा शेवटी लक्ष दिले जाते, आणि तेथेच पुष्कळ भित्तिपत्रके फसतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी चित्राशिवाय, केवळ नाटकाच्या नावाच्या वळणातून, त्या नाटकाचा भाव प्रकट करून दाखविला, हे आपल्या डोळ्यांसमोर असताना शीर्षक संगणकावरून काढून चिकटविण्याचा मोह मुलांनी टाळावा. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांनी अक्षरलेखनाचा अभ्यास केलेलाच असतो; त्याचा विनियोग करण्याची ही उत्तम संधी आहे. दहा फुटांवरून सुखाने वाचता यावे असे वाटत असेल, तर अक्षराची उंची निदान एक इंच असावी, आणि अंगणाच्या पलीकडून, तीस फुटांवरून, दिसावे असे वाटत असेल, तर तीन इंच. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि मात्रा, तर खाली उकार येतात, यास्तव दोन ओळींमध्ये पुरेशी मोकळी जागा आधीच पेन्सिलीने मुक्रर करावी. संवादाच्या फुग्यातही मजकूर आधी लिहावा आणि फुगा मागाहून काढावा. क्रम उलटला, की अखेरची अक्षरे कडेला चेपली जातात.

रंगांच्या बाबतीत संयम हाच अव्वल गुण. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव या स्थानकांवरील पिवळ्या फलकांवरची काळी अक्षरे धावत्या गाडीतूनही वाचता येतात, याचे कारण त्या दोन रंगांतील तीव्र विरोध. बावीस बाय तीस इंचांच्या कागदावर पिवळी पार्श्वभूमी, काळी रेषा आणि लक्ष वेधण्यासाठी एखाद्याच ठिकाणी तांबडा, एवढी योजना पुरेशी आहे. मात्र पोस्टर कलर पाण्याने विरघळतो आणि पाऊस नेमका शाळेबरोबरच सुरू होतो. तर उन्हाळ्यात, जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो तेव्हा, उघड्या भिंतीवरचे रंग लवकर विटतात. म्हणून जागा व्हरांड्यातील, आडोशाची असावी. पाण्याच्या टाकीजवळ वा सायकल-स्टँडकडे जाणाऱ्या वाटेवर असावी. आणि भित्तिपत्रक पाचवीतल्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर लावावे.

तपशील थोडा पण अचूक हवा: कोणत्या वारी, किती वाजता, कोणत्या वर्गात आणि कोणाला भेटावे. शुद्धलेखन दोघांनी तपासावे. मथळा मात्र मुलांच्या बोलीत असण्यास हरकत नसावी. धुळ्याच्या किंवा अमळनेरच्या शाळेत ‘काय काढी ऱ्हायना, भो?’ एवढी अहिराणी ओळ जे कार्य करील, ते ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते’ या चालीच्या वाक्याकडून होणार नाही. आणि यावल-रावेरकडे तोच मान लेवा बोलीला द्यावा. जी भाषा मूल मैदानावर बोलते, तीच भिंतीवर दिसली, तर त्या भिंतीमागे चाललेल्या उद्योगात आपल्यालाही वाटा आहे, असे त्याला मनोमन वाटते.

मुख्याध्यापकांना आणि चित्रकला-शिक्षकांना अखेरीस एक विनंती. या सत्रात व्हरांड्यातील एका भिंतीचा पाच फुटांचा भाग विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावा, तेथील भित्तिपत्रक दर महिन्यास बदलण्याची तजवीज करावी, आणि ते मोठ्यांनी सुबक करून न देता मुलांच्याच हातचे राहू द्यावे. रेषा वाकडी गेली तरी चालेल. कथा मात्र त्यांची स्वतःची असली पाहिजे.