नवव्या फेरीतला एक गुण

निकाली कुस्तीत हिशेब ठेवावा लागत नाही. पाठ मातीला लागली की संपलं, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही निकाल दिसतो. अमरावतीत 1914 पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. आम्हा वऱ्हाडातल्यांची नजर कुस्तीच्या अशा निकालांवरच तयार झालेली. बॉक्सिंगमध्ये मात्र बऱ्याचदा विजेता कागदावर ठरतो. तो कागद कसा भरतात, हे मला अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत पोट्ट्यांचा सराव पाहता पाहता कळत गेलं. बुलढाणा जिल्ह्यातला अनंता चोपडे याच प्रबोधिनीचा. 2019 मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये 52 किलो गटाचं सुवर्ण त्यानं जिंकलं.

नियम दोन ओळींचा आहे. फेरी जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9. एखादा खाली गेला आणि रेफ्रीनं आकडे मोजले, तर त्याला बहुधा 8. पोरांच्या लढतीत तीन फेऱ्या आणि पाच जज असतात, व्यावसायिक जगज्जेतेपदाला बारा फेऱ्या आणि तीन जज.

पेन हातात घेतलं की खरी अडचण सुरू होते. एका फेरीत लाल कोपऱ्यातला पोरगा सारखा पुढे येत होता, ठोसेही त्याचेच जास्त. आवाज तर असा घुमायचा, की हॉलमधले सगळे त्याच्याकडेच पाहत. पण त्यातले निम्मे ठोसे निळ्याच्या दंडावर आणि ग्लोव्हजवर आदळत होते. निळा अर्धं पाऊल मागे घ्यायचा, डावा सरळ सोडायचा, आणि लालची मान मागे जायची. मी तेव्हापासून आवाज ऐकणं सोडलं, मान पाहू लागलो. फेरी निळ्याचीच होती. सरांना ती आधीच दिसली होती. ते दोरीबाहेरून लालवर ओरडले, “काहून रे, मारल्यावर हात खाली कायले ठेवतं?”

ही सवय लागल्यावर 18 मे 2024 ची रियाधची लढत मी कागद घेऊन पाहिली. ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी, दोघंही तोवर अपराजित. उसिककडे तीन संघटनांचे पट्टे, फ्युरीकडे चौथा. हेवीवेटचे सगळे पट्टे एकाच्या कमरेला येणं 1999 मधल्या लेनॉक्स लुईसनंतर झालंच नव्हतं. फ्युरी 6 फूट 9 इंच, उसिक अर्धा फूट बुटका आणि वजनानं सतरा-अठरा किलो हलका. मधल्या फेऱ्यांत फ्युरीचे खालून येणारे ठोसे उसिकच्या पोटात आणि हनुवटीवर बसत होते. माझ्या कागदावरही त्या फेऱ्या फ्युरीच्याच.

मग नववी. उसिकचा डावा लागला आणि फ्युरीचे पाय गेले. एका बाजूच्या दोरीवरून दुसऱ्या बाजूला तो झोकांड्या खात राहिला, पडला मात्र नाही. रेफ्री मार्क नेल्सन यांनी मध्ये पडून आकडे मोजले. पडलाच नाही तर मोजणी कशी, असं कुस्ती पाहणाऱ्याच्या मनात येणारच. पण बॉक्सर केवळ दोरीच्या आधारानं उभा असेल, तर नियमात तो पडलेलाच धरतात. माझ्या मते नेल्सन यांचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. त्या क्षणी फ्युरीला दोरीनंच धरलं होतं.

आता बेरीज बघा. दोन जजनी उसिकला 115-112 आणि 114-113 दिले, तिसऱ्यानं फ्युरीला 114-113. नवव्या फेरीत फ्युरीला 8 ऐवजी 9 मिळाले असते, तर एक कागद उसिकचा, एक बरोबरीचा, एक फ्युरीचा. म्हणजे लढत अनिर्णित, आणि पट्टे होते तिथेच. बारा फेऱ्या, छत्तीस मिनिटं, आणि सगळं त्या एका गुणावर. मला यात अन्याय दिसत नाही. उलट, तो गुण उसिकनं हातानं मिळवला होता आणि तो पाहायला तीन जज तीन बाजूंना जागे होते, याचंच मोल वाटतं.

चारही पट्टे एकत्र मात्र फार टिकले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्यातला एक उसिकला सोडावा लागला. त्याच वर्षी 21 डिसेंबरला दोघं पुन्हा रियाधमध्ये उतरले. त्या रात्री रेफ्रीला एकदाही आकडे मोजावे लागले नाहीत, आणि तिन्ही कागदांवर उसिकचे 116-112 होते.