जखमेवरून सुरा ओळखता येतो काय?

खून झाला, खुनी सापडला नाही, हत्यारही सापडले नाही. उरली ती केवळ जखम. अशा वेळी डॉक्टरला विचारतात, हत्यार कोणते असावे? डॉक्टर याचे उत्तर कुठवर देऊ शकतो, हे समजण्यास लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात १८८८ साली झालेले खून चांगले उपयोगी पडतात. ‘जॅक द रिपर’ या नावाने ते जगभर गाजले. खुनी कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. माझे आयुष्य चामड्याच्या कामगारांत गेले. सुरी हे आमच्याकडे पोटाचे साधन, म्हणून मी या प्रकरणाकडे जरा निराळ्या बाजूने पाहतो.

आधी जखमेचे पाहू. एका धारेची सुरी भोसकली की जखमेचे एक टोक निमुळते होते आणि पात्याची पाठ येते ते टोक बोथट राहते. दोन्ही टोके निमुळती असली, तर दुधारी जांबिया असावा असे वाटते. वाटते एवढेच, कारण कातडी फसवी असते. तिला ताण असतो आणि त्या ताणाला दिशा असते. कातडे कमावणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. व्हिएन्नाचे शरीरशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ साली मृतदेहांच्या त्वचेला गोल टोच्याने भोके पाडून पाहिली. भोके गोल न पडता फटीसारखी लांबट पडली. म्हणजे चांभाराची गोल आरी लागली, तरी खूण दिसावी बारीक पात्याची! लांबीचेही तसेच. पोट आत दबते, त्यामुळे चार इंचांचे पाते चार इंचांहून खोल जाऊ शकते. उलट लांब पाते अर्धेच शिरलेले असू शकते. हात हलला की फट वाढते, मग रुंदीचाही भरवसा नाही. हाडात वा कूर्चेत पात्याचे ओरखडे उमटले, किंवा टोक मोडून अडकले, तर मात्र पुरावा पक्का.

आता व्हाइटचॅपेलकडे वळू. शिंपी, जोडे शिवणारे, खाटीक, हमाल यांची ही दाट वस्ती. त्यांत परदेशातून आलेले गरीब ज्यू पुष्कळ. ७ ऑगस्ट रोजी मार्था टेब्रॅम हिचा देह सापडला. अंगावर ३९ वार होते. (हा खून रिपरचाच काय, यावर जाणकारांत मतभेद आहेत.) डॉ. किलीन यांनी सांगितले, बहुतेक वार साध्या चाकूचे, परंतु छातीच्या हाडातून गेलेला एक वार त्या चाकूचा नव्हे, जांबियासारख्या कशाचा तरी. त्या रात्री एक शिपाई तिच्याबरोबर दिसला होता, त्यामुळे संगिनीची चर्चा सुरू झाली आणि पलटणीचे शिपाई ओळखपरेडीला उभे केले गेले. निष्पन्न काही झाले नाही.

८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटच्या २९ नंबरच्या घरामागील अंगणात अ‍ॅनी चॅपमन हिचा खून झाला. अंगणात नळाजवळ एक चामड्याचा एप्रन सापडला, आणि आधीच ‘लेदर एप्रन’ नावाच्या माणसाची आवई उठलेली! जॉन पायझर नावाचा ज्यू जोडेवाला १० तारखेला पकडला गेला. पुढे तो निर्दोष ठरला; एप्रन त्याच घरात राहणाऱ्या बाईच्या मुलाचा, रिचर्डसनचा, तिने धुऊन ठेवलेला निघाला. हा रिचर्डसन त्याच पहाटे अंगणाच्या पायरीवर बसून टेबलावरच्या सुरीने आपल्या बुटाचे चामडे कापत होता. कॉरोनरने त्याला घरी पाठवून ती सुरी आणवली!

डॉ. फिलिप्स यांना विचारले गेले, चामड्याच्या धंद्यातली सुरी असेल काय? ते म्हणाले, नाही, तिचे पाते तितके लांब नसते. हत्यार अतिशय धारदार, पातळ व अरुंद पात्याचे, निदान सहा ते आठ इंच लांब असावे. या उत्तराला मी फार मान देतो. आमच्या एका संपात झडती झाली, तेव्हा कामगारांच्या पिशव्यांतल्या रापी पंचनाम्यात ‘घातक हत्यारे’ म्हणून लिहिल्या गेल्या. रापीची धार पुढच्या रुंद कडेला असते, तिला टोकच नाही. मी ती अधिकाऱ्यापुढे ठेवून म्हटले, साहेब, हिने भोसकून दाखवा. ते हसले, पण पंचनामा बदलला नाही.

पायझर सुटला, तरी संशय त्याच वस्तीत फिरत राहिला. ज्यू धर्माप्रमाणे जनावर कापणाऱ्यांवर बोट दाखवले गेले, तेव्हा डॉ. गॉर्डन ब्राउन यांनी त्यांच्या सुऱ्या प्रत्यक्ष तपासल्या. त्या सुरीला टोक नसते, आणि जखमा तर टोकदार हत्याराच्या होत्या. आरोप तिथेच मोडला. खुनी कोण हे जखमेने सांगितले नाही; कोण नव्हे, हे मात्र सांगितले.

१० नोव्हेंबरला डॉ. थॉमस बाँड यांनी पाच खुनांवर अहवाल दिला. त्यांतला एकच देह त्यांनी स्वतः तपासला होता, बाकीच्या चौघींची टिपणे वाचली होती. हत्यार मजबूत, निदान सहा इंच लांब, सुमारे एक इंच रुंद, टोकदार व फार धारदार. मिटता चाकू असेल, खाटकाचा असेल, शस्त्रवैद्याचाही असेल. पाते सरळ असावे. यापलीकडे ते गेले नाहीत. वापरणाऱ्याच्या हाताबद्दल मात्र एकमत नव्हते: फिलिप्स यांना चॅपमनच्या देहावर शरीररचनेच्या ज्ञानाच्या खुणा दिसल्या होत्या, तर बाँड यांच्या मते खुन्याला खाटकाइतकीही माहिती नव्हती.