खेळांतील आवाजाचें मोजमाप

संगणकावरील खेळांत स्फोटापुढें पात्रांचे शब्द ऐकूं येत नाहींत, अशी तक्रार आम्ही विद्यार्थ्यांकडून ऐकतों. सगळाच आवाज चढविल्यानें हा दोष जात नाहीं. स्फोटहि तितकाच चढतो! म्हणून ध्वनिरचनाकार कंपनसंख्येप्रमाणें आवाजाचे पट्टे पाडून प्रत्येकाची पातळी डेसिबेलांत निराळी मोजतात. सेकंदास १२५, २५०, ५०० कंपनें असे दुपटीनें चढणारे मध्यबिंदु धरले, म्हणजे एकेक पट्टा पेटीच्या एका सप्तकाएवढा होतो. व्यंजनांची स्पष्टता बहुतांशीं २००० ते ४००० कंपनांच्या आसपास असते. तेथें इतर नादांची दाटी दिसल्यास तेवढेच उतरवितात. मात्र केवळ आंकड्यांवर विसंबतां येत नाहीं. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, समान पातळीचा खर्ज कानास मंद लागतो, आणि आवाज लहान असतां अधिकच मंद. रात्रीं हळू आवाजांत खेळणाऱ्यास तोच स्फोट पोकळ भासतो तो यामुळेंच.