वेरूळच्या गिलाव्यातले भांगेचे धागे

वेरूळला आलेल्या माणसाचे पाय आधी कैलास लेण्याकडेच वळतात. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडलेल्या या लेण्याला ‘रंगमहाल’ असेही नाव होते. आज काळा बेसॉल्ट उघडा दिसत असला, तरी एके काळी या दगडावर गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग होते. मंडपाच्या छताला त्याचे काही तुकडे अजून टिकून आहेत.

चरणाद्रीच्या डोंगरकड्यात बौद्ध, हिंदू आणि जैन अशी ३४ लेणी ओळीने कोरलेली आहेत. त्यांचा काळ साधारण सहावे ते दहावे शतक. १९८३ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शिल्पांवर भरभरून लिहिले गेले, मातीच्या गिलाव्याकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही.

छिन्नीने तासलेला दगड खडबडीत राहतो. चित्र काढायला सपाट पृष्ठभाग हवा, म्हणून त्यावर मातीचा थर चढवत. छिन्नीच्या खाचांमध्ये माती घट्ट बसे. पण नुसती माती वाळताना आकसते आणि तडकते. छतावर तर स्वतःच्या वजनानेच ती सुटून खाली येते. म्हणून तिच्यात तूस, गवत, वनस्पतींचे तंतू असे काहीबाही मळले जाई. तंतू मातीला चारी बाजूंनी धरून ठेवतात आणि थराचे वजनही कमी करतात.

बारा क्रमांकाच्या लेण्यातल्या, म्हणजे ‘तीन ताल’मधल्या गिलाव्यात असे तंतू मिळाले. ते नेमके कशाचे, याचा शोध भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागातले माजी रसायनतज्ज्ञ राजदेव सिंग आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी घेतला. जालन्याच्या परिसरातून आणि दिल्लीजवळून त्यांनी भांगेची ताजी झाडे आणली आणि त्यांचे तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जुन्या तंतूंशी ताडून पाहिले. दोन्ही जुळले. २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले.

‘वेरूळच्या लेण्यांत गांजा’ एवढेच ऐकले की भलत्याच कल्पना मनात येतात. इथे प्रश्न नशेचा नाही, बांधकामाचा आहे. भांगेच्या खोडाच्या सालीतून निघणारा धागा चिवट असतो. शिवाय भांग ओलावा शोषून घेते आणि कीड दूर ठेवते, असे या अभ्यासकांचे निरीक्षण आहे.

त्यांनी अजिंठ्याशी केलेली तुलना विशेष बोलकी आहे. वेरूळपासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या त्या लेण्यांतही मातीचाच गिलावा आहे आणि त्यातही तूस, गवत व इतर तंतू आहेत. पण भांग तिथे आढळली नाही. अजिंठ्याच्या चित्रांपैकी किमान चौथा हिस्सा किडीने खाल्ला, असे हे संशोधक नोंदवतात. वेरूळच्या गिलाव्याला कीड लागलेली त्यांना दिसली नाही. वेरूळ आणि छत्रपती संभाजीनगरच्या दरम्यान असलेल्या देवगिरी किल्ल्यातल्या यादवकालीन गिलाव्यातही भांग वापरलेली आढळली आहे.

डागडुजीसाठी ही माहिती फार मोलाची आहे. सिमेंट कडक असते, ओलावा कोंडून धरते आणि शेजारच्या मऊ मातीला उखडते. मूळ गिलाव्यात काय मिसळले होते ते कळले, तर दुरुस्तीही त्याच जातीच्या सामग्रीने करता येते.

मंगळवारी लेणी बंद असतात. इतर दिवशी जाणाऱ्याने कैलास पाहून झाल्यावर बाराव्या लेण्याचे तिन्ही मजले जरूर चढावेत. भिंतीवर, छतावर गिलाव्याचा तुकडा दिसला तर थांबून नीट निरखावा, पण हात लावू नये. बोटांचा घाम आणि घर्षण या मातीला सोसत नाही.