पडद्यावरील भय आणि घरातील वस्तू : मराठी प्रेक्षकाच्या स्मृतीत टिकणाऱ्या दृश्यांचा विचार

बीजशब्द : भयानक रस, भयपट, स्मृती, शून्यगृह, बालप्रेक्षक

प्रास्ताविक

भयपट पाहून झाल्यावर त्याचे कथानक बहुधा विसरले जाते. पात्रांची नावे आठवत नाहीत, शेवट काय झाला हेही नीट सांगता येत नाही. परंतु एखादे दृश्य मात्र वर्षानुवर्षे मनात ठाण मांडून बसते. महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (1993) हा चित्रपट प्रस्तुत लेखकाने शालेय वयात दूरचित्रवाणीवर पाहिला. चित्रपट मुख्यतः विनोदी. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या अभिनयाला घरातील सर्व जण मनसोक्त हसले. त्या रात्रीपासून मात्र कपाटावरची धाकट्या बहिणीची बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवल्याखेरीज झोप येईना. हा क्रम कित्येक महिने चालला आणि घरात कोणालाही तो कळला नाही.

हसत पाहिलेल्या चित्रपटातील भय घरी का आले, आणि ते बाहुलीतच का येऊन बसले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. टिकणारे भय हे भुताच्या चेहऱ्यापेक्षा प्रेक्षकाला घरी पुन्हा भेटणाऱ्या वस्तूला अधिक चिकटलेले असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

1. दचकणे आणि धास्ती

पडद्यावरील भयाचे दोन प्रकार प्रथम वेगळे करावे लागतात. अचानक मोठा आवाज होतो, दार धाडकन उघडते आणि प्रेक्षक दचकतो. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया होय. ती क्षणात येते, क्षणात ओसरते आणि पाठोपाठ चित्रपटगृहात हशा पिकतो. धास्ती याहून निराळी असते. काहीतरी घडणार आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. ते केव्हा घडेल हे ठाऊक नसते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी अनपेक्षित धक्का आणि ताणलेली उत्कंठा यांतील फरक टेबलाखालच्या बाँबच्या उदाहरणाने सांगितला होता, तो येथे लागू पडतो. दचकण्याने चित्रपटगृहातील वेळ चांगला जातो. घरापर्यंत सोबत येते ती बहुधा धास्तीच.

2. स्मृतीत भय कसे टिकते?

अमेरिकेतील क्रिस्टन हॅरिसन व जोअॅन कँटर यांनी 1999 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अशा आठवणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे 90 टक्के विद्यार्थ्यांनी बालपणी किंवा किशोरवयात पडद्यावरील प्रसंगाने दीर्घकाळ भयभीत झाल्याचे नमूद केले, आणि साधारण एक चतुर्थांश विद्यार्थ्यांमध्ये त्या भयाचा अवशेष अद्याप शिल्लक होता. कँटर यांच्या पुढील लेखनात ‘जॉज’ (1975) पाहून समुद्रच नव्हे, तर तलावात पोहण्यासही कचरणारे विद्यार्थी आढळतात. ‘पोल्टरगाइस्ट’ (1982) पाहिल्यानंतर विदूषकाच्या बाहुलीची धास्ती घेतलेलेही आढळतात. तलावात शार्क नसतो हे त्यांना ठाऊक होतेच. परंतु ठाऊक असण्याने धास्ती जात नाही.

याचे स्पष्टीकरण मेंदूच्या कार्यपद्धतीत सापडते. जोसेफ लडू यांनी दाखविल्याप्रमाणे धोक्याची सूचना मेंदूतील अमिग्डाला या भागाकडे दोन मार्गांनी जाते : एक जलद व ढोबळ, तर दुसरा विचाराच्या केंद्रांतून जाणारा, संथ व तपशीलवार. शरीर आधी सावध होते. ‘हा तर चित्रपट आहे’ हा विचार मागाहून पोहोचतो. अमिग्डालाला थेट ‘भयाचे केंद्र’ म्हणणे योग्य नाही, असे लडू यांनीच पुढे स्पष्ट केले आहे. कारण शरीराची बचावात्मक प्रतिक्रिया आणि जाणिवेतील भय या दोन भिन्न गोष्टी होत. तथापि वस्तू व धोका यांची एकदा पडलेली गाठ सहसा सुटत नाही. वस्तू निरुपद्रवी असल्याचा अनुभव पुन्हापुन्हा आला तरी जुनी गाठ पुसली जात नाही, तिच्यावर नवे शिक्षण चढते इतकेच. थकलेल्या किंवा एकट्या क्षणी जुने भय म्हणूनच पुन्हा डोके वर काढते.

3. शून्यगृहाची परंपरा

आपल्या नाट्यविचाराला ही बाब अपरिचित नव्हती. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा स्थायिभाव मानला आहे. त्याच्या विभावांमध्ये विकृत आवाज, पिशाच्चदर्शन, कोल्हे व घुबडे यांचे भय आणि अरण्यगमन यांच्याबरोबरच ओस पडलेल्या घरात जाणे हेही सांगितले आहे. अरण्य परके असते; घर मात्र आपले असते. ते रिकामे झाले की त्याचे आपलेपण ओसरते, पण रूप तेच राहते. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1919 सालच्या एका निबंधात परिचित गोष्टच अनोळखी होऊन समोर येण्यात भयाचे मूळ पाहिले. दोन्ही विचारांचा रोख भिन्न असला, तरी भयाचे एक ठिकाण दोघांनाही घरातच सापडले, हे लक्षणीय आहे.

4. तीन मराठी उदाहरणे

‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू या गुंडाचा आत्मा मृत्युंजय मंत्राच्या योगे बाहुलीत शिरतो. बोलक्या बाहुल्यांचे कलावंत रामदास पाध्ये यांनी ती बाहुली घडविली होती आणि तिला दिलीप प्रभावळकर यांचा आवाज लाभला. बोलकी बाहुली मराठी घरांना करमणुकीचा विषय म्हणून परिचित होती. तिचे ओठ कलावंत हलवितो, या विश्वासावर आपण हसतो. चित्रपट हा विश्वासच काढून घेतो. म्हणून विनोद संपल्यावरही बाहुली उरते.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (2018) हा चित्रपट हिंदी असला तरी त्याचा पिंड मराठी आहे. नारायण धारप यांच्या भयकथेची प्रेरणा, श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीतून आलेले नाव, कोकणातील पाऊस आणि सासवडच्या वाड्यातील चित्रीकरण यांतून तो घडला. त्याच्या 1918 सालच्या भागात साखळीने बांधलेल्या वृद्धेला जेवण भरविण्याचे काम एका मुलावर येते. हस्तरचे नाव घेतले की ती झोपते. आपल्याकडे मुलाला झोपविण्यासाठी मोठी माणसे बागुलबुवाचे नाव घेतात; येथे मूलच वडीलधाऱ्या व्यक्तीला त्याच उपायाने झोपविते. अंगाईच्या वेळेचा हा उलटा व्यवहार हे त्या दृश्याचे खरे बळ होय. पुढे हस्तरला भुलविण्यासाठी कणकेची बाहुली वापरली जाते. परातीतील कणकेचा गोळा प्रत्येक घरात रोज असतो. त्यामुळे चित्रपटाची आठवण स्वयंपाकघरातही जागी होते.

विशाल फुरिया दिग्दर्शित ‘लपाछपी’ (2017) मध्ये गरोदर नायिका उसाच्या फडाने वेढलेल्या घरात येते. कोणत्याही बाजूस पाहिले तरी सारखेच दिसणारे उसाचे ताट आणि लहान मुलांचा खेळ, एवढ्या साध्या सामग्रीतून धास्ती उभी राहते. तिच्या मुळाशी मुलींची हत्या आहे. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने 1988 साली केला आणि 1994 साली देशाचा कायदा झाला. म्हणजेच चित्रपटातील पाप कल्पित नव्हे. ‘हे खोटे आहे’ असे म्हणून प्रेक्षक येथे स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही.

5. वाड्यातून सदनिकेत

पिंपळे सौदागरसारख्या ठिकाणी हा विचार अधिक निकडीचा ठरतो. पवनाकाठचे हे शेतीचे गाव गेल्या काही दशकांत उंच गृहसंकुलांचे उपनगर झाले. येथे वाढणाऱ्या मुलाने माळा, परसातील विहीर किंवा माजघराचा अंधार बहुधा अनुभवलेला नसतो. मग त्याचे भय कोठे वसावे? राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (2003) मध्ये ते मुंबईतील उंच इमारतीच्या सदनिकेत शिरले. विक्रम कुमार यांच्या ‘13 बी’ (2009) मध्ये तेराव्या मजल्यावरच्या नव्या घरी राहावयास आलेल्या कुटुंबाचे आयुष्यच दूरचित्रवाणी मालिकेत दिसू लागते आणि नायकापुरती लिफ्ट चालेनाशी होते. लिफ्ट, तळघरातील वाहनतळ, लांब रिकामा मार्गिकापट्टा आणि काळा पडदा ही नव्या शून्यगृहाची अंगे होत. आईवडील हिंजवडी किंवा चाकणच्या पाळीवर असताना शाळेतून परतलेले मूल लिफ्टमधून एकटेच वर जाते, तेव्हा त्याचे घर काही तास अक्षरशः शून्यगृह असते.

6. अध्यापक व पालक यांच्या दृष्टीने

चित्रपट (सुधारणा) अधिनियम, 2023 अन्वये यूए प्रमाणपत्राचे 7, 13 व 16 वर्षे असे वयोगट झाले. ही सुधारणा उपयुक्त आहे. तथापि प्रमाणपत्र संपूर्ण चित्रपटाला असते. भ्रमणध्वनीवर संदर्भ तोडून येणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर त्याचा फारसा अंमल चालत नाही. चित्रपटाच्या शेवटी भयाचे निवारण तरी होते. तुकड्यात तेही नसते.

अशा वेळी ‘त्यात काय घाबरायचे?’ हे उत्तर अपुरे पडते. कँटर आणि स्पार्क्स यांच्या संशोधनानुसार लहान मूल वस्तूच्या दिसण्याला घाबरते, तर मोठे मूल शक्यतेचा विचार करू लागते. म्हणून साधारण सात वर्षांखालील मुलाला युक्तिवादापेक्षा जवळ घेणे, सोबत झोपणे आणि दिवसाउजेडी ती वस्तू त्याच्या हाती देणे अधिक उपकारक ठरते. मोठ्या मुलाला मात्र दृश्य कसे घडविले हे समजावता येते. बाहुलीच्या पाठीतील खटका दाखविला, तर भयाचे कुतूहलात रूपांतर होऊ शकते. महाविद्यालयीन वर्गात भयानक रस शिकविताना विद्यार्थ्यांकडून अशा आठवणी लिहून घेतल्यास विभावाची संकल्पना स्पष्ट होईल. शिवाय ज्या भयाची लाज वाटून ते आजवर बोलले नाहीत, त्याला शब्द मिळतील.

समारोप

पडद्यावरील दृश्य टिकते ते त्याची गाठ घरातील एखाद्या वस्तूशी पडते म्हणून. बाहुली, कणीक, ऊस आणि लिफ्ट या साऱ्या वस्तू निरुपद्रवी होत. किंबहुना म्हणूनच त्या भयाला आसरा देतात. भयपट वाईट असा निष्कर्ष यातून निघत नाही. आपल्या समाजाने दडविलेल्या गोष्टी प्रेक्षकाच्या मनात जाग्या ठेवण्याचे काम ‘लपाछपी’सारखा चित्रपट समर्थपणे करतो. प्रश्न उरतो तो भय बाळगणाऱ्या मुलाच्या एकटेपणाचा. घरातील एखादी बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवलेली दिसली, तर ती सरळ करून ठेवण्यापूर्वी मुलाला जवळ बसवून त्याने काय पाहिले हे विचारावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.