जलसंजीवनी : मीठ, साखर आणि पाणी

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यांत जुलाब-उलट्यांच्या रोग्यांची रीघ लागते. पहिल्या पुराबरोबर घाण विहिरीत उतरते, फुटक्या नळात शिरते आणि तिच्यातले जंतू आपल्या पोटात जातात. पण या रोगात माणूस दगावतो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पटकीच्या जोरदार हल्ल्यात प्रौढ माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तान्ह्या मुलाजवळ तर मुळातच साठा थोडा!

मग गेलेले पाणी पाजून भरून काढावे, हे सरळ उत्तर झाले. तरीही पुष्कळ घरांत जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडतात. ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’, असे आजी सांगते. पटकीत नुसते पाणी आतड्यात नीट शोषले जात नाही, एवढे तिचे निरीक्षण खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र जीवघेणा आहे.

असे का होते, ते पाहू. पाणी आतड्यातून रक्तात जाते ते मिठातील सोडियमच्या मागोमाग. पटकीच्या जंतूंचे विष सोडियम आत घेण्याची नेहमीची एक वाट अडवते आणि उलट क्षार व पाणी आतड्यात ओतायला लावते. पण आतड्याच्या अस्तराला दुसरीही एक वाट आहे आणि ती शाबूत राहते. तेथून ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन असे बरोबरच आत जातात, आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ ओढले जाते. साखर सोडियमला सोबत घेऊन जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. पुढे १९६८ मध्ये डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्याला पटकीच्या रोग्यांवर असे पाणी गुणकारी ठरते हे दाखवले. खरे तर कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन रोगी बरे केले होते. पण त्यांच्या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

खरी कसोटी लागली ती १९७१ मध्ये. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकी पसरली. सरहद्दीजवळच्या बनगावच्या रुग्णालयात रोगी जमिनीवर पडून होते. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. ते देणारे हातही अपुरे होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी धाडसी निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढेच त्यांचे औषध! कोलकात्यात भुकटी मोजून पिशव्यांत भरली जाई, येथे ती पिंपांत विरघळवली जाई आणि रोग्याचे नातेवाईकच पेल्याने पाजत. जेथे सलाइन पुरत नव्हते तेथे शंभरांतले वीस ते तीस रोगी दगावत, डॉ. महालनबीस यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले. त्यांचे २०२२ मध्ये निधन झाले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

येथे मापाला फार महत्त्व आहे. साखर जास्त झाली तर परासरणामुळे पाणी उलट आतड्यातच ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच बाजारची गोड शीतपेये अशा वेळी नकोत. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला ते अपायकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये आपल्या मिश्रणातील साखर आणि मीठ दोन्ही कमी केले, ते याच विचाराने.

आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे जलसंजीवनीचे पाकीट मिळते. ते पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. आपल्या साखरेचे आतड्यात ग्लुकोज तयार होतेच. चव घेऊन पाहावी. आसवांपेक्षा खारट लागले तर ते टाकून नवे करावे. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नये. मुलाला उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध, पेज, मऊ भात हे चालूच ठेवावे. मुलांना डॉक्टर जस्ताच्या गोळ्याही देतात. जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस त्या पुऱ्या कराव्यात.

शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे, पिण्याचे पाणी झाकून ठेवणे हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. रोटा विषाणूमुळे होणाऱ्या जुलाबांवरची लसही २०१६ पासून आपल्या देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली आहे.

मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसू लागली, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडले किंवा पाणी पिणेच जमेना, तर घरी वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. तेथे शिरेतून सलाइन द्यावे लागते. बनगावलाही हाताशी असलेल्या सलाइनच्या बाटल्या अशाच रोग्यांसाठी राखून ठेवल्या होत्या.